पेढा की बर्फी

नवी मॅनेजरबाई पहिल्याच आठवड्यात माझ्याकडे बघून इतकी गोड हसली, की माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. कार्डिफच्या त्या हॉस्पिटलात मी ऐंशीच्या दशकापासून गरोदर बायकांची सोनोग्राफी करत होते. माझा डबा उघडला की टी-रूमची खिडकीही उघडली जायची, भर जानेवारीतसुद्धा. आणि आता ही बाई म्हणत होती, दर शुक्रवारी एकेकाने आपापल्या घरची परंपरा सगळ्यांना दाखवा, खायला आणा, गप्पा मारा. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. हॉस्पिटलात नवे मॅनेजर येत होते आणि जुनी माणसं घरी जात होती. अशा दिवसांत आमच्या सणावारांचं एकाएकी एवढं कौतुक का, ते मला कळेना.

"कुठेतरी पाणी मुरतंय," मी घरी म्हटलं.

"अगं, तुला सगळीकडेच मुरताना दिसतं," आमचे हे म्हणाले. हे दुसऱ्या हॉस्पिटलात डॉक्टर. "शी इज जस्ट बीइंग नाइस. समोसे कर आणि मोकळी हो."

समोसे मी मुळीच नेणार नव्हते. मी पुण्याची. आमच्या स्वयंपाकघरात जन्मात कोणी समोसा तळला नव्हता. सुरुवातीचे शुक्रवार मी नुसती खात आणि बघत राहिले. कोणी तव्यावरचे वेल्श केक आणले, जमैकाच्या नर्सने रममध्ये मुरवलेला ख्रिसमसचा केक आणला. सगळं चविष्ट होतं, नाही कशाला म्हणू? मॅनेजरबाई फोटो काढायची, तेव्हा तो कुठे लागणार हे मी आधी विचारून घ्यायची. तेवढी मी एकटीच विचारायची.

आमच्या रिसेप्शनवरची बाई मात्र माझ्या विश्वासातली होती. वेल्श, चाळिशीकडे झुकलेली, माझं लिंबाचं लोणचं मागून खाणारी. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी तिला दिवस गेले, तेव्हा स्कॅन माझ्याच हातून व्हावा असा हट्ट तिने धरला. मीच तो केला.

इथे आमच्या डिपार्टमेंटचा एक नियम सांगायला हवा. बाळ मुलगा की मुलगी, ते आईबापांना सांगायचं नाही. नियम सगळ्यांना लागू होता, पण तो कोणासाठी केलाय हे मला पक्कं ठाऊक होतं. मुलगी आहे असं कळलं तर आपल्याकडचे लोक काय करतील, याची हॉस्पिटलवाल्यांना धास्ती होती. ती अगदीच खोटी होती असं मलाही म्हणवत नाही. भारतात काय चाललंय ते मीही ऐकत होते. म्हणून मी तो नियम इतरांपेक्षा कडक पाळायची. ओळखीच्या बायका लाडीगोडी लावत, त्यांच्या सासवा फुगून बसत, पण मी कधी ताकास तूर लागू दिली नाही.

माझा शुक्रवार आला तोवर रिसेप्शनवालीला सातवा महिना लागला होता. मी ठरवलं, हिचं डोहाळजेवण करायचं. तिची आई आधीच बिथरली होती. जन्माआधी बाळाचं काही घरात आणायचं नाही, असा त्यांचा कडक रिवाज. बाळाला फिरवायचा प्रॅमसुद्धा पैसे भरून दुकानातच ठेवलेला. मी तिला सांगितलं, यात बाळाला काहीच द्यायचं नसतं, सगळं आईचं कौतुक असतं, तिला काय खावंसं वाटतं तेवढं बघायचं. म्हातारी तरीही कोट न काढता दाराजवळच्या खुर्चीत बसून माझ्यावर नजर ठेवून होती. खरं सांगायचं तर मला ती बघताक्षणी आवडली. तिच्या जागी मीही तशीच बसले असते.

तिच्या लेकीला मी माझी हिरवी साडी कार्डिगनवरूनच गुंडाळली. सुपरमार्केटातल्या कार्नेशन्सचा मुकुट आणि वाक्या केल्या. हिरव्या बांगड्या तिच्या हातात शिरेनात, त्या मी सुतळीत ओवून तिच्या गळ्यात घातल्या. तांदूळ, नारळ आणि खणाने ओटी भरली. बायका खिदळत होत्या, मॅनेजरबाईचा कॅमेरा चालू होता, आणि माझाही संशय त्या गडबडीत जरा सैल पडला. मग मी शेवटचा प्रकार काढला. दोन वाट्या झाकून ठेवायच्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. गरोदर बाईने एक उघडायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. लहानपणापासून शंभरदा पाहिलेला खेळ. दूध पावडरचा खवा करून दोन्ही मीच केलं होतं आणि वाट्याही मीच झाकून ठेवल्या होत्या.

तिने वाटी उघडली. पेढा!

"मुलगा!" सगळ्या ओरडल्या आणि टाळ्या वाजल्या. आणि मग सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वाट्या मांडणारी बाई आणि स्कॅन करणारी बाई एकच होती. पुण्यात माझ्या आईने वाट्या मांडल्या तर तिला पोटातलं काय दिसणार? मला दिसलं होतं. मीही टाळ्या वाजवल्या. नुसती उभी राहिले असते तर तीही खूणच झाली असती.

सोमवारी मॅनेजरबाईने बोलावलं. हसू तेच होतं.

"तिला तू खूण केलीस का?"

"नाही."

"ती सगळ्यांना सांगत फिरतेय की मुलगा आहे. म्हणते, तुझ्या चेहऱ्यावरून कळलं. फार खूश आहे." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुझी संस्कृती आम्हाला हवीच आहे. पण तुमच्याकडे हा विषय नाजूक आहे ना? इंडियन पेशंटांशी तू तुमच्या भाषेत बोलतेस. तिथे काय सांगतेस, ते आम्हाला कसं कळणार?"

माझ्याकडे पुरावा होता. एकच होता. स्क्रीनवर मला दिसली होती ती मुलगी. मला खूण करायचीच असती, तर मी तिच्या हाताशी बर्फी सरकवली असती. पण हे एक वाक्य तोंडातून निघालं, की त्याच क्षणी मी नियम मोडला. गप्प बसले तर खोटारडी, बोलले तर गुन्हेगार. मी गप्प बसले.

तेव्हापासून माझ्या खोलीत दुसरी टेक्निशियन येऊन बसू लागली, आशियाई बाई तपासायला असली की तेवढ्यापुरती. मी हिंदीत "जरा कुशीवर वळा" म्हटलं तरी तिची मान वर व्हायची. पेशंटनी विचारलं तर मी सांगायची, शिकायला आलीय. माझ्याहून कितीतरी ज्युनियर होती ती. लाज वाटायची, आणि त्या लाजेचाच इतका संताप यायचा की घरी आल्यावर मी भांडी आदळायची.

"युनियनला फोन कर," हे म्हणाले.

"आणि काय सांगू, अहो?"

यांनाही मी ती मुलगी असल्याचं सांगितलं नव्हतं. "तू खरंच नाही ना काही बोललीस?" असं यांनी एकदा विचारलं, तेव्हा मी ताटावरून उठले.

मग मला सगळ्यांचाच संशय येऊ लागला. टी-रूममध्ये कोणी हसलं की वाटायचं माझ्यावरच. रिसेप्शनवालीशी मी कामापुरतं बोलू लागले. "तू माझ्यावर रागावलीस का?" तिने विचारलं. मी नाही म्हटलं. तिच्या टेबलावर निळी लोकर असायची, इकडे तो मुलाचा रंग. आईच्या धाकाने प्रॅम दुकानात राहिला होता, पण विणकाम चालत होतं. ते निळं स्वेटर वाढताना दिसलं की मी नजर फिरवायची. तिला दोन शब्द सांगितले असते तर तिची लोकर वाचली असती आणि मीही सुटले असते. मी तिला फक्त एवढंच म्हटलं, "पिवळा रंगसुद्धा छान दिसतो." तेवढं म्हणून झाल्यावरही मी दोन दिवस घाबरून होते.

ती बाळंत झाल्याचा फोन एका सकाळी टी-रूममध्ये आला. मुलगी. दोघी सुखरूप. "तुझ्या वाट्या खोट्या निघाल्या!" म्हणून सगळ्यांनी माझी चेष्टा केली. मी त्यांच्याबरोबर हसले, मग टॉयलेटमध्ये जाऊन कडी लावली आणि पोटभर रडले. तो आनंद त्या बाळाचा होता की माझ्या सुटकेचा, ते मला आजही सांगता येत नाही.

दुपारी मॅनेजरबाई माझ्या खोलीच्या दारात आली.

"उद्यापासून तुझ्याबरोबर कोणी बसणार नाही," ती म्हणाली. "आता सगळं स्पष्ट झालं. तू खूण केली नव्हतीस."

मी हातावरची जेल पुसली.

"आणि मुलगा झाला असता तर?"

मी तिच्या उत्तराची वाट बघत उभी राहिले. बाहेर बाकावर माझी पुढची पेशंट खोळंबली होती, तरी मी तिला आत बोलावलं नाही.