मातीला कथील पाजणारे मोठेबाबा

माझ्या मोठेबाबांइतका मातीवर विश्वास ठेवणारा माणूस सबंध वर्धा जिल्ह्यात नसेल, आणि आमचा जिल्हा तर शेतकऱ्यांचा! मोठेबाबा म्हणजे आईच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या मोठीआईचे, यजमान. हिंगणघाटच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. स्वातंत्र्य नवंनवं होतं आणि देशासाठी काहीतरी नवं घडवायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. भाजलेली माती सहसा झिजत नाही, पण फुटते. धातू फुटत नाही, पण झिजतो. मग मातीच्या छिद्रांत वितळलेला धातू भरला, तर गावातल्या कापडगिरणीच्या यंत्रांना किती टिकाऊ भाग मिळतील! त्यासाठी ते मातीत लाकडाचा भुसा कालवून विटा भाजत. भुसा जळून जाई, छिद्रं उरत. लग्नघरी गेले तरी आधी माठाचा पाझर चाचपून बघत. “मस्त पाझरून राह्यला,” म्हणत, आणि यजमानाला वाटे, माठाला नावं ठेवली.

पण घरच्या भट्टीत वितळणारं कथील काही विटेच्या आत शिरेना. अळूच्या पानावरच्या पाण्यासारखं घरंगळून जाई. मग जाड लोखंडी नळकांड्यात वीट ठेवायची, वर कथील ओतून झाकण आवळायचं आणि सायकलच्या पंपानं हवा दाबायची, अशी युक्ती त्यांनी काढली. पहिल्याच खेपेला वीट ओलसर निघाली. कथील वाफेनं उसळलं आणि त्यांचा उजवा हात भाजला. मोठीआईनं पाणी ओतून भट्टी विझवली.

“काऊन जीव देऊन राह्यले त्या मातीपायी? हात गेला असता, तर पोराईले पायानं शिकवलं असतं काय?”

मोठेबाबा गप्प झाले ते झालेच. चमच्यानं जेवायचे आणि भिंतीकडे बघत बसायचे. माठाकडेसुद्धा बघेनात. त्या शांततेचीच मोठीआईला धास्ती वाटू लागली.

एका रविवारी मी आमच्या देवळीहून त्यांच्याकडे गेलो, तर तिनंच भट्टी पेटवलेली. वीट आधी निखाऱ्यांवर खडखडीत तापवून घेतलेली. मोठेबाबा बाजेवरून सांगत होते आणि ती पदर खोचून पंप मारत होती.

“झालं का?”

“अजून मार.”

“तुमाले सांगायले काय जाते!”

गार झाल्यावर वीट फोडली. आत सगळीकडे पांढऱ्या बारीक शिरा चमकत होत्या. मोठेबाबा तुकडा हातात धरून नुसते बघत राहिले.

गिरणीतल्या साहेबांनी तो कौतुकानं पाहिला आणि परत दिला. कथील असल्या कामाला फार मऊ, आणि पितळ वितळवण्याजोगी भट्टी घरी होणं शक्य नव्हतं. “वाईट वाटते का?” मी विचारलं.

“वाटते तर. पण शिरलं ना रे आत!”

त्या संध्याकाळी ओसरीवर मोठीआई शेजारणीला तुकडा दाखवत होती. “पाह्य, हे आमी केलं.” आत बसलेल्या मोठेबाबांनी ते ऐकलं, चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं बराच वेळ पुसत राहिले.