पंतांच्या सायकलचं मागचं चाक

वारंगा फाट्यावर माझं झेरॉक्सचं दुकान आणि हैदरचं सायकलचं दुकान यांच्यामध्ये एकच पत्रा आहे. तीस वर्षं तो पलीकडे ठोकतोय आणि माझं डोकं उठतंय. तरी त्याला कोणी लबाड म्हटलं तर मी भांडायला उठेन. हैदर सायकल उघडतो तेव्हा काढलेला प्रत्येक जुना तुकडा, अगदी गंजका नटसुद्धा, कागदात गुंडाळून कॅरियरला बांधून परत देतो. काढलेला माल मालकाचा, ही त्याच्या वडिलांची शिस्त. बाकीचे मिस्त्री तेच तुकडे दुसऱ्याच्या सायकलला लावून मोकळे होतात.

दिवाळीच्या सुट्टीत विष्णुपंतांची नात केतकी पुण्याहून आली आणि टेम्पोतून आजोबांची सायकल घेऊन हैदरकडे उतरली. सोबत बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. पंत कचेरीत कारकून होते. नोकरीत होते तेव्हा आणि नंतरही, रोज पहाटे याच विलायती सायकलवरून चढ चढून माळावरच्या महादेवाची पूजा करायला जायचे. सोळा वर्षांपूर्वी ते बंद झालं.

"चाचा, माझं काही ठरत नाहीये," केतकी म्हणाली. "एक तर होती तशीच करायची. काळा रंग, सोनेरी रेघा, सगळं जुनं. नाहीतर पार बदलायची. सरळ हँडल, गिअरची नवी चाकं, नारिंगी रंग. तुम्ही सांगाल तसं."

नारिंगी ऐकून इकडे मीच भडकलो. हैदर तर आता तिला हाकलूनच देईल असं वाटलं. पण तो म्हणाला, "बदलूनच टाका, बेटा. जुन्यात आता काय न्हाई राह्यलं."

केतकीनं डबा उघडला. आत कागदाच्या पुड्याच पुड्या, आणि प्रत्येकीवर पंतांच्या अक्षरात तारीख. "तुम्ही नि तुमच्या वडिलांनी दिलेलं आजोबांनी काहीच टाकलं नाही. यातून जुनी होईल ना?"

हैदरनं डब्याकडे बघितलंही नाही. दोन दिवसांनी सांगतो म्हणाला. ती गेल्यावर तो माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसला. एवढा उतरलेला चेहरा मी त्याचा कधी पाहिला नव्हता.

"तातेराव, त्या डब्यात एक चीज न्हाई."

मग त्यानं सगळं सांगितलं. सोळा वर्षांपूर्वी त्याच्या मुलीची, नजमाची, दहावीची परीक्षा होती. आदल्या दिवशी तिच्या सायकलच्या मागच्या चाकाचा हब तुटला. हब म्हणजे चाकाच्या मधला भाग, ज्यावर सगळं चाक फिरतं. दुकानात पंतांची सायकल उघडून ठेवलेली होती. हैदरनं पंतांचा विलायती हब नजमाच्या चाकात बसवला आणि पंतांच्या चाकात एक झिजलेला हब घातला. पंधरा दिवसांत परत बदलू, असं मनाशी ठरवलं. परीक्षा झाली, अकरावी लागली, मग नर्सिंगचं कॉलेज. ते पंधरा दिवस काही उजाडले नाहीत.

"पंत आठ दिवसांनी आले. म्हणले, हैदर, सायकल जड लागून राहिली. म्या तेल घालून दिलं. पुन्यांदा आले. तवा म्या माझ्या तोंडानं म्हणलो, पंत, आता वय झालं तुमचं."

हे मला आठवलं, कारण पत्र्याआडून मीच ओरडलो होतो, "पंत, आता महादेवालाच खाली बोलवा!" सगळे हसले होते. पंतही हसले होते. त्याच महिन्यात त्यांनी पूजा पुतण्याकडे दिली आणि सायकल खुंटीला टांगली.

"नवी चाकं टाकली तर जुनं चाक भंगारात जाईन. कोणाला कळायचं न्हाई," हैदर म्हणाला.

"मग टाक की," मी म्हणालो. सांगायला लाज वाटते, पण म्हणालो. त्या भंगारात माझा विनोदही गेला असता तर मला हवाच होता.

"आन डबा काय म्हणून परत देऊ? त्यांनी एकेक नट जपला, कामून? माझ्यावर भरवसा म्हणून." तो उठला. "सोळा वर्सं झाली तातेराव, त्यांच्या घरावरून जायचं म्हणलं की मी पलीकडच्या गल्लीनं जातो."

नजमाची सायकल त्यानं कधी विकली नव्हती. ती दुकानात मागच्या भिंतीला टांगलेली होती. त्याच दुपारी तिच्या चाकाच्या तारा सोडल्याचा आवाज पत्र्यातून आला, आणि पहिल्यांदाच मला त्या आवाजाचा राग आला नाही. संध्याकाळी त्यानं केतकीला फोन केला, होती तशीच करू म्हणून.

आठ दिवसांनी सायकल तयार झाली. हैदर तिच्यावर बसला नाही, हातानं ढकलत पंतांच्या घरापर्यंत गेला. मीही गेलो, मला दुकानात बसवेना. पंत ओसरीवर खुर्चीत होते, वय एक्क्याऐंशी. केतकी आत चहा टाकत होती.

हैदरनं सायकल स्टँडवर लावून मागचं चाक फिरवलं. ते कितीतरी वेळ आवाज न करता फिरत राहिलं. मग त्यानं कॅरियरची पुडी सोडून तो झिजलेला हब पंतांच्या हातात ठेवला आणि उभ्यानंच सगळं सांगितलं.

पंत रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते चाकाकडे बघत राहिले.

"म्हणजे तेव्हा माझे पाय बरोबर होते, हैदर?"

"व्हय पंत. एकदम बराबर होते."

पंत खुर्चीतून उठले. हँडल धरलं आणि दांडीवरून टाकायला पाय उचलला. पाय गुडघ्याइतकाच वर गेला. पुन्हा उचलला, पुन्हा तेवढाच.

चहाचा ट्रे घेऊन केतकी बाहेर आली आणि हसून म्हणाली, "आजोबा, राहू द्या ना. वय झालं आता तुमचं."

पंतांनी पाय खाली टेकवला. हैदर खाली बसून दोन्ही हातांनी स्टँड घट्ट धरून राहिला, आणि मला रस्त्याकडे बघण्यावाचून दुसरं काही सुचलं नाही.