वसंताचा तिळगूळ भिलाईहून निघाला

भिलाईला जायचा बेत असेल तर आधीच सांगते, क्वार्टरचा नंबर नीट लिहून न्या. सेक्टर सहातली घरं एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं अशी. जानेवारी १९६६ मध्ये ताईकडे गेले तेव्हा मी चक्क परक्यांच्या ओट्यावर ट्रंक टाकून बसले होते.

निमित्त फिरण्याचं नव्हतं. ताईचा धाकटा दीर वसंता फौजेत होता आणि लढाईत पाकिस्तानात कैद झाला होता. रशियात ताश्कंदला समझोता झाला, कैदी परत येणार, असं रेडिओवर ऐकलं. आई म्हणाली, जा, या वर्षीची संक्रांत त्यांच्याकडेच कर. नागपूरहून पहाटेची पॅसेंजर धरली. गोंदियाला चहावाल्यानं कप हातात देता देता सांगितलं, की सही करून आपले पंतप्रधान त्याच रात्री तिथं वारले. आता समझोता राहिला की गेला? कुणालाच ठाऊक नव्हतं. पोह्यांचा पुडा हातात धरून मी रडले, नेमकं कशासाठी ते मलाही कळेना.

दुर्गला उतरून सायकलरिक्षा करावी लागे. भाडं आधी ठरवा, आणि पांढरी साडी नेऊ नका. रशियनांच्या मदतीनं उभारलेल्या पोलाद कारखान्याची लाल धूळ दोन आंघोळींनीही जात नसे.

घरात वेगळाच घोळ. देश शोकात, मग तीळ भाजायचे की नाही? ताई विचारच करत होती, तोवर तिच्या सासूबाईंनी कढई चढवली.

"सुतक सरकारले. माह्या पोराले कावून?"

लाडू डब्यात भरून त्यांनी जाहीर केलं, की हे वसंताला जातील, भाऊजींच्या, म्हणजे ताईच्या नवऱ्याच्या, रशियन साहेबाच्या हातून. भाऊजी रोलिंग मिलमध्ये होते. त्यांनी परोपरीनं समजावलं.

"मिलचा पार्ट अडला का तुमी त्यायलेच सांगता," सासूबाई म्हणाल्या. "समझोता बी त्यायच्याच घरी झाला. मंग डबा कोन नेईन?"

भाऊजींनी चपला चढवल्या. गेलो सगळे.

साहेबानं स्वतः दार उघडलं. जणू त्याच्याच घरी माणूस गेलं होतं, असा ओशाळलेला. सासूबाईंनी डबा पुढे केला. भाऊजी मोडक्या रशियनमध्ये काहीतरी दोन शब्द बोलले. साहेबानं झाकण काढून एक लाडू खाल्ला आणि त्याचे डोळे भरून आले.

"हा कावून खाऊन राह्यला?"

"चाखून पायते, आई. सीमेवर तपासनी असते," भाऊजी म्हणाले.

सासूबाईंचं समाधान झालं. वाटेत मी भाऊजींना गाठून विचारलं, तुम्ही साहेबाला सांगितलं तरी काय? ते म्हणाले, 'तुमच्यासाठी आणलाय.' मला संताप आला. म्हाताऱ्या बाईला असं फसवायचं?

"मंग काय सांगाचं होतं?" ते म्हणाले.

नागपूरला परतले तरी तो डबा डोक्यातून जाईना. होळीच्या आधी ताईचं पत्र आलं. वसंता आला, वाळला आहे पण धडधाकट आहे. सासूबाईंनी दारातच विचारलं, लाडू पोचले का, साहेबानं त्यातला एक इथंच खाल्ला होता. भाऊजी ड्यूटीवर होते. वसंताला कुणी काही सांगितलेलंच नव्हतं, असं ताईनं मुद्दाम लिहिलं होतं. तो आईच्या पाया पडला आणि म्हणाला, "पोचले, आई. एक कमी होता."

भाऊजींवरचा राग मी कुठं ठेवावा, मला अजून कळत नाही.