पोरीच्या सिनेमाचा पुढचा अंक

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. पण आंधळगावात हातमागावर माझ्यासारखा हात कोणाचा असेल, तर त्यानं समोर यावं. अशा माणसाच्या पोरीनं दहा-बारा मिनिटांचा सिनेमा काढला, तोही बापावर. बापाचं काम मीच केलं.

गोष्ट घडलेली आहे. तिच्यासाठी मुलगा पाहायला मी मोहाडीला निघालो होतो. निघता निघता मागावरचा धागा तुटला. तुटका धागा सोडून मी उठत नाही. तो सांधेपर्यंत बस गेली. दुसऱ्या बसमध्ये लाखनीचे एक धानाचे व्यापारी शेजारी बसले, आणि बोलता बोलता त्यांच्या मुलाशी सोयरीक जुळली. सिनेमा तिथंच संपतो.

नागपूरच्या पेपरात एकानं लिहिलं, असा योगायोग पटत नाही आणि शेवट अर्धवट आहे. पटत नाही म्हणे! माझे व्याही काय आभाळातून पडले? मी हसण्यावारी नेलं, पण पोरगी खचली. तिची सासू आधीपासूनच म्हणत होती, एक काढला ना, आता हा नाद पुरे.

त्या सासूच्याच अंगणात, लाखनीला, दिवेलागणीला आम्ही पडदा बांधला. सारा मोहल्ला आला. सिनेमा संपला, दिवे लावले, तरी कोणी हललं नाही. टाळीही नाही. पोरीचा चेहरा उतरला.

मी शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं, "आवडला नाई का?"

"पयला अंक बरा झाला," तो म्हणाला. "पुढचा कवा सुरू करता?"

आमची झाडीपट्टीची माणसं, रात्रभर नाटक पाहणारी. एवढ्याशासाठी कोणी घरून सतरंजी आणतं का? सारे पुढच्या अंकासाठी बसले होते.

"संपला जी," पोरगी हळूच म्हणाली.

विहीणबाई तिच्याकडे वळल्या. "कसा संपला वं? पोरगी सुखी झाली का नाई, ते त सांगतलंच नाई. लोकं काय म्हणतीन माह्या घराले?"

"त्याच्यासाठी दुसरा काढा लागन, आई."

विहीणबाईंनी कोऱ्या पडद्याकडे पाहिलं. "काढ मंग. पण सासूचं काम मीच करीन. दुसऱ्या बाईनं माही नक्कल केलेली मले चालनार नाई."

"आन सयपाक कोन करन?" व्याह्यांनी विचारलं.

"तुमी. तेबी दाखवू सिनेमात."

अंगण हसलं, आणि पोरगीही हसली. मी सहसा कोणाला हात जोडत नाही. विहीणबाईंना जोडले.

"कायले हात जोडता जी इवाई?" म्हणत त्या पोरीजवळ सरकून बसल्या आणि सासूनं लुगडं कोणतं नेसायचं ते ठरवू लागल्या.