आप्पांची घोंगडी

देवाशी माझं भांडण सुरू झालं ते एका घोंगडीवरून. आप्पा, म्हणजे माझे वडील, जाऊन वर्ष होत आलं होतं आणि घरात त्यांचं म्हणावं असं काही उरलं नव्हतं. गुलाबी फेटा एका नवरदेवाला, ढोल शेजारच्या गावातल्या मंडळाला, अत्तराची बाटली कुणा पाहुण्याला. कुणी छान म्हटलं की ती वस्तू त्याची, हा त्यांचा खाक्याच होता. मी चिडून म्हणायचो, एक दिवस आम्हालाही देऊन टाकाल. ते मिशीत हसायचे. कारेगावला कंपनीत मशीनपुढे उभं असतानाही ते हसू आठवून भरून यायचं, आणि पाठोपाठ राग यायचा. वास घ्यायला एखादा सदरा तरी मागे ठेवायचा होता.

आमच्या घरात बिरोबाच्या पूजेला कर्त्या माणसानं पांघरलेली घोंगडी अंथरून तिच्यावर देव मांडतात. मेंढरं गेली, शेती आली, रीत तेवढी राहिली. आप्पांची घोंगडी आजोबांच्या शेवटच्या कळपाच्या लोकरीची. तिच्या काळ्या काठाला आप्पांनी हौसेनं गुलाबी टाके घातले होते. दौंडच्या दवाखान्यातून ते शेवटचे घरी आले ते तिच्याशिवाय. कुणाला दिली, ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. त्यांच्यामागची पहिली पूजा आली तेव्हा मी शिरूरहून नवी कोरी घोंगडी आणली. आईनं तिच्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "ह्यात माणूस न्हाई रं."

पूजेच्या सकाळी मी तीच अंथरायला घेतली. मनात देवाला सुनावत होतो, की माणूस नेलास तो नेलास, एवढी एक वस्तू तरी राहू द्यायची. तेवढ्यात दारात साठीचे एक मुसलमान गृहस्थ उभे राहिले. काखेत गाठोडं. दौंडला गाद्या भरण्याचा त्यांचा धंदा. आमच्या मांडवगणात एका लग्नघरी काम निघालं म्हणून आले होते आणि आप्पांचं घर विचारत विचारत आमच्यापर्यंत पोचले होते. आप्पा नाहीत म्हटल्यावर ते ओट्यावर बसले आणि सांगू लागले.

दवाखान्यात त्यांची आई आप्पांच्या शेजारच्या खाटेवर होती. थंडीतापानं ती कुडकुडायला लागली तेव्हा आप्पा स्वतःची सलाईन सावरत उठले आणि आपली घोंगडी तिच्या अंगावर घालून आले. म्हातारी वाचली. त्यांनी गाठोडं सोडलं तेव्हा मला आधी गुलाबी टाकेच दिसले.

"अम्मी म्हणली, त्या आप्पांना आता थंडी वाजत आसंल, नेऊन दे," ते म्हणाले.

मी घोंगडीत तोंड खुपसून रडलो. आप्पांच्या तंबाखूचा वास होता, त्यात म्हातारीच्या बामाचा मिसळला होता. घोंगडीवर देव मांडले, भंडारा उधळला. त्या भल्या माणसाला आईनं आग्रहानं जेवायला बसवलं. आता ही घोंगडी माझ्या जिवात जीव असेपर्यंत घराबाहेर जायची नाही, असं मी ठरवून टाकलं होतं.

वाढता वाढता आईनं सहज विचारलं, अम्मी आता काय पांघरतात. ते जरा घुटमळले. "गोधडी हाय की. पर तिला झोप लागंना झालीय."

आई माझ्याकडं बघत राहिली. मला त्या क्षणी जगात दुसरं काही नको होतं, खरंच सांगतो. तरी मी उठलो, देव उचलून पाटावर ठेवले आणि घोंगडीची घडी केली. देताना हात सुटेना, तेव्हा मनात म्हटलं, बिरोबा, तूच सोडव. आणि सुटला.

ते गेल्यावर आईनं नवी घोंगडी आणून माझ्या खांद्यावर टाकली. "आता ही तू पांघर," ती म्हणाली. "पुढल्या पूजेपातूर माणूस यील हिच्यात."

देवाचे उपकार कसे मानावेत, ते मला कळत नाही. आप्पांची आठवण आजही तितकीच छळते. नवी घोंगडी अजून टोचते, पण मी ती रोज पांघरतो. परवा रात्रपाळीला ती पांघरून गेलो, तर कंपनीतल्या एका सोबत्यानं तिला छान म्हटलं, आणि मी मिशीत हसलो.