सातवी 'ड'ला सुट्टी नाही

आम्ही ढ होतो. शाळेनेच तसं ठरवून टाकलं होतं.

आज सकाळी आमच्या शिर्केबाई वारल्या. मुलुंडला, लेकीच्या घरी.

पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमाराची गोष्ट. घाटकोपरची आमची मराठी शाळा. सातवीच्या चार तुकड्या. हुशार मुलं 'अ'मध्ये. नापास, मस्तीखोर, उशिरा येणारी, सगळी 'ड'मध्ये. बाई आमच्या क्लासटीचर.

इंग्लंडहून जेन नावाची मुलगी शिकवायचा सराव करायला येणार होती. आपल्याकडे बी.एड.च्या पोरी येतात ना, तशीच.

शाळेला रंग लागला. 'अ' तुकडीचं वेलकम साँग बसलं.

मी ऑफिसबाहेर अंगठे धरून उभी होते, म्हणून पुढचं ऐकलं.

हेडसर म्हणाले, "ती आहे तोवर 'ड'ला सुट्टी देऊन टाका. उगाच शोभा नको."

"द्यायची तर चारही तुकड्यांना द्या, सर. नाहीतर तिचा पहिला तास माझ्या वर्गावर लावा."

"अहो बाई, त्या पोरांना येतं काय?"

"ते तिलाच बघू द्या ना."

बाई हटल्या नाहीत. तास लागला.

जेनने इंग्रजीत काहीतरी विचारलं. सगळ्यांच्या माना खाली. मागे बसलेल्या हेडसरांनी बाईंकडे बघितलं. मला रडूच यायला लागलं.

तेवढ्यात शेवटच्या बाकावरचा संत्या उठला.
"टीचर, नो आस्किंग. वुई ऑल ढ."

"व्हॉट इज... ड?"

"ड नाय ओ टीचर, ढ!"

"ड."

"पोटातून काढा ना! तोंडापुढे हात धरा, हवा लागली पायजे!"

अख्खा वर्ग तोंडापुढे हात धरून ढ, ढ, ढ. जेन लालबुंद, तरी हट्टाने आमच्यासोबत. घंटा झाली, पण तिला काही जमलं नाही.

बाई वळून म्हणाल्या, "बघितलंत सर? ढसुद्धा सगळ्यांना येत नाही."

हसून हसून वाट लागली. हेडसरही हसले.

तोवर कुणी विचारलं की मी नुसतं "सातवीत" म्हणायचे. त्या दिवशी घरी जाऊन आईला ठणकावून सांगितलं, "सातवी ड."

जेनने पुढे रोज आमच्यावर एक तास मागून घेतला.

आता मीही शिकवते. सोमवारी आमच्याकडे परदेशी पाहुणे येतायत. "तुमचा वर्ग तेवढा वेळ लायब्ररीत बसवाल का?" असा कालच मेसेज आला.

बाई, आज उत्तर पाठवलंय. माझी मुलं वर्गातच बसतील. पाहुण्यांचा पहिला तासही आमच्यावरच लावा, म्हटलं.

निवांत जा, बाई.
सातवी 'ड' उभी आहे.