झाकणमामांचा स्टीलचा डबा

आमच्या ह्यांना उघडी वस्तू बघवत नाही. तांब्यावर ताटली, रिमोटवर प्लास्टिक, चष्म्याच्या घरावर आणखी एक पिशवी. साबणाच्या कारखान्यात वायरमन म्हणून ह्यांची उभी हयात गेली. तिथे सगळे ह्यांना झाकणमामाच म्हणतात. भिंतीवरच्या एकेका जोडणीवर ह्यांनी हाताने पत्र्याची पेटी बसवली आहे. फोन तर तळहाताच्या फोडासारखा जपतात. साबणाची भुकटी लागू नये म्हणून कामावर तो स्टीलच्या डब्यात, झाकण घट्ट लावून. मी फोन करायचा आणि पलीकडच्या बाईने ‘संपर्क क्षेत्राबाहेर’ म्हणायचं, असा आमचा संसार.

त्याच कारखान्यात आमची सून इंजिनिअर म्हणून लागली. साबण गुंडाळणाऱ्या मशीन वायरीशिवाय एकमेकींना जोडायच्या, हे तिचं पहिलंच मोठं काम. आता मशीनच मशीनला सांगणार, पुढे गर्दी झालीये, जरा दमानं घे. जन्मभर ह्यांनी वायरी ओढल्या आणि सूनबाई त्या काढायला निघाल्या.

“घरातूनच सुरुंग लागला म्हणायचा,” मी जेवताना चिडवलं.

“लागू दे. पोरीचं काम नीट व्हायला हवं,” हे म्हणाले.

काम काही नीट होईना. मशीनचा संपर्क तुटायचा, आणि तो तुटला की धोका नको म्हणून मशीन आपोआप थांबायची. सून लॅपटॉप घेऊन प्रत्येक मशीनपाशी बसली, कशातच खोट सापडेना. शेवटी मालक म्हणाले, “उद्या दुपारपर्यंत बघू. नाहीतर परत वायरी ओढा.” त्या रात्री तिने ताटातलं अन्न नुसतं चिवडलं. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने शिडीसाठी ह्यांना फोन केला. लागला नाही. पुन्हा केला, नाही लागला. वैतागून ती वायरमनच्या खोलीत गेली. ह्यांनी शांतपणे डबा उघडला, आणि बाहेर येताच फोन तिचे राहिलेले कॉल सांगत टुणटुणायला लागला.

सून डब्याकडे बघत राहिली.

“बाबा, वर तुळईवर मी मशीनना जोडणारी अँटेना लावलीये. ती तुम्ही झाकली नाहीत ना?”

“झाकली की. कधीच,” हे अभिमानाने म्हणाले. “जाड पत्र्याची पेटी केलीये. भुकटीचा कण जायचा नाही.”

“भुकटीच काय, बाबा, सिग्नलसुद्धा जात नाहीये.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा. पेटी निघाली आणि मशीन सुरळीत चालायला लागल्या. आमच्या घरात ह्यांनी आजवर एकही चूक कबूल केलेली नाही. दूध उतू गेलं तरी चूक दुधाची. पण हे आपण होऊन मालकांकडे गेले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, “पेटी माझी. पोरीच्या कामात खोट नव्हती.” सुनेने मला हे सांगितलं तेव्हा तिचे डोळे भरले होते, माझेही.

तिने ह्यांना प्लास्टिकचा डबा आणून दिला. मी लगेच फोन लावून बघितला.

“काय गं?” पहिल्याच रिंगला आवाज आला.

फोन लागला तर काय बोलायचं, याचा इतक्या वर्षांत विचारच केला नव्हता.

“काही नाही,” मी म्हटलं, “जेवलात का?”